एकोणीस एकांचा दगड

शिरूर,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय भगिनी एलिझाबेथ हिस, एबनेझरदादाचे अ. आ.

येत्या सोळाला तुझ्या फेथवहिनीला जाऊन वर्ष होईल. कबरीचा दगड तयार आहे. बायबलमधल्या वचनाऐवजी मी त्यावर संख्या कोरून घेतली आहे: ओळीने एकोणीस एक. लग्नात तुम्ही सगळे सोनं मागत होता, तेव्हा मी फेथला हीच मूळ संख्या दिली होती. एवढी लांबलचक, पण एकाशिवाय आणि स्वतःशिवाय तिला कशानेही भाग जात नाही. आपलंही असंच राहील, असं मी म्हणालो. सोनार ही गहाण ठेवून घेईल का, असं तिनं विचारलं.

पाळकसाहेबांनी दगड बघून हा मोबाइल नंबर कुणाचा म्हणून विचारलं. मी लावून बघा म्हणालो.

सोळाला नक्की ये. माया आहेच, येताना दौंडचे पेढे आण.

तुझा,
एबनेझरदादा


दौंड,
१८ फेब्रुवारी

ती. दादास, एलीचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. परवा प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे दगडावर होते. मी एक मोजले. वीस आहेत. तू मोजले नाहीस, कारण तू रडत होतास. मला फार वाईट वाटलं, पण गणित ते गणित.

तळेगावच्या हौशीराम पाथरवटाला फोन केला, तर स्वारी खूश. आहेरावर एक रुपया ठेवत्यात, तसा बाईंच्या मानाचा वर एक घातला, त्याचं काय बी नको, म्हणे. आता तुझ्या संख्येला अकरानेही भाग जातो आणि एकशे एकानेही. कबरीवर आहेराचं पाकीट ठेवल्यासारखं झालंय. वहिनी पोट धरून हसली असती. पण तिच्या उशाशी खोटी मूळ संख्या मी राहू देणार नाही. दगड फोड आणि नवा घडव.

रागावलास तरी लोभ ठेव.

तुझी,
एली


शिरूर,
२३ फेब्रुवारी

प्रिय एलीस, अ. आ.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढल्या आणि बायकोच्या दगडावरची चूक दिसली नाही. हौशीरामला झापायला गेलो, त्यानं चहा पाजला. त्यानं इतक्या मायेनं घातलेला एक फोडायचं माझ्या जिवावर आलं.

कोरलेलं पुसता येत नाही, पण वाढवता येतं. एकवीस एक केले तर तीनने भाग जातो, बावीस केले तर पुन्हा अकराने. तेवीस मात्र मूळ. त्यापुढची थेट तीनशे सतरा एकांची, तेवढा दगड तालुक्यात नाही. म्हणून काल तीन एक वाढवले. हौशीराम पुन्हा वर एक घालणार होता, मी छिन्नी धरून ठेवली.

ओळीत जागा उरली नव्हती. खाली माझ्या नावासाठी कोरी जागा सोडली होती, तिथं मधोमध ते तीन बसले. आता माझं नाव तिथं मावत नाही. जीव कासावीस झाला, खोटं कशाला सांगू. पण माझ्यासाठी वेगळा दगड लावू नकोस. मला तिच्याच शेजारी ठेव. कुणी विचारलं, तर बाईंची संख्या पुरी करायला जागा कमी पडली ती यानं दिली, एवढं सांग.

गुडघा सांभाळ, माया असू दे.

तुझा,
दादा