एक दाता

नंदाखाल, रविवार

प्रिय रिद्धी,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आईशी रोज बोलतेस हे मला ठाऊक आहे. तेवढा वेळ मी मुद्दाम केळीला पाणी लावायला जातो. दोन वर्षं असंच चाललंय. पण काल गॅरेजात मी जे पाहिलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं कळेना.

शेजारच्या आग्नेलने नवी गाडी घेतली आहे. महिन्यापूर्वी ती खड्ड्यात आपटली आणि चाक वळवणारा टाय रॉड वाकला. मी तो बदलला. गाडी सरळ धावू लागली, पण स्टिअरिंग जरा तिरकं राहिलं. चाकं सरळ रेषेत जुळवायला, अलाइनमेंटला, कोण पाठवतो? मी आपली नेहमीची युक्ती केली. स्टिअरिंग उपसून काढलं आणि खालच्या दांड्याच्या दात्यांवर एक दाता सरकवून सरळ बसवलं. दिसायला चोख. दोन दिवसांनी डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला. मी बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली, दिवा गेला, मी मिशीत हसलो. असं तीनदा झालं. मग गेल्या रविवारी आग्नेल त्याच्या आईला चर्चमध्ये मिस्साला नेत असताना वळणावर गाडीने आपणहून एका चाकाचा ब्रेक धरला. म्हातारी दारावर आपटली. लागलं नाही, पण आता ती त्या गाडीत पाय ठेवायला तयार नाही.

पाच दिवस मी ब्रेक उघडले, वायरी तपासल्या, गाडी बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. शेवटी तुझ्या आईने गाडीतले बिघाड वाचणारं तुझं स्कॅनर आणि वही माझ्यासमोर आणून ठेवली. पहिल्याच पानावर तुझं ठसठशीत अक्षर होतं, ‘बिघाडाची नोंद आधी पुसू नये. आधी वाचावी.’ मी चष्मा पुसला आणि बसलो.

स्कॅनरची वायर गाडीला जोडली. स्टिअरिंग सरळ, चाकं सरळ, गाडी जागच्या जागी उभी. आणि पडद्यावर आकडा, उजवीकडे दहा अंश. मला वाटलं यंत्रच बिघडलंय. बोटाच्या टोकाने स्टिअरिंग केसभर हलवलं, आकडा हलला. परत आणलं, तोही परत आला. रिद्धी, मी तासभर लहान मुलासारखा तेच करत बसलो. पस्तीस वर्षं गाड्या उघडतोय, पण स्टिअरिंगखाली दांड्यावर एवढीशी चकती बसून माणसाला कुठे वळायचंय ते इतक्या मायेने मोजत असते, हे कधी बघितलंच नव्हतं. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. स्टिअरिंग मी सरळ केलं, पण खालचा दांडा फिरलेलाच राहिला होता. बिचाऱ्या गाडीला वाटत होतं, आग्नेलला उजवीकडे जायचंय आणि आपण भलतीकडे चाललोय. म्हणून एका चाकाचा ब्रेक धरून ती त्याला सावरत होती. वहीत तू लिहिलंच आहेस की एक दाता म्हणजे साधारण दहा अंश.

दोन वर्षांपूर्वी फुलपाड्याच्या मितेशच्या गाडीपाशी तू हेच सांगितलं होतंस, बाबा, तुम्ही एक दाता सरकवलाय. आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, हे डबडं बंद कर, पोरींना गाडीतलं काय कळतं. तू यंत्र तिथेच ठेवलंस आणि पुण्याची नोकरी धरलीस. तुझं बरोबर होतं, बाळा. तेव्हा चारचौघांत बोललो होतो, म्हणून काल आग्नेलसमोर, मितेशलाही बोलावून, चारचौघांतच सांगितलं की रिद्धीचं खरं होतं आणि चूक माझी. स्टिअरिंग मूळ खुणेवर बसवलंय, अलाइनमेंटही करून आणलं. आता फक्त त्या चकतीला, सरळ म्हणजे शून्य, हे शिकवायचं राहिलंय. स्कॅनर विचारतंय, चाकं सरळ आहेत का, हो की नाही. आग्नेलला मी माझी गाडी दिली आहे, त्याची अडचण नाही. बटण मी दाबलेलं नाही. तू येऊन बघ, आणि तू दाब.

तुझाच,
बाबा