सगळ्याच बाटल्यांना दोरा

नाना, गॅरेजचं शटर मी खाली ओढलंय, कुलूप घातलंय आणि खालच्या फटीत ओलं पोतं कोंबलंय. किल्ली माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेली आहे. "माझा झाडू आत राहिलाय," म्हणत आई सकाळपासून मागे लागलीय. मी किल्ली देत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळदा बोलले, पण आज हे पत्र लिहितेय ते भीतीने. आतल्या फळीवरच्या कोणत्या बाटलीत काय आहे, एवढंच मला तुम्हाला विचारायचंय.

घर बांधताना कधीतरी चारचाकी येईल म्हणून तुम्ही ते शटर बसवून घेतलंत. गाडी आली नाही. अंबडच्या कंपनीत दिवसभर धातूला मुलामा चढवायच्या टाक्यांवर उभं राहून तुम्ही घरी यायचात, चहा प्यायचात आणि गॅरेजमध्ये शिरायचात. लोक पितळी समया, घंटा, निरांजनं घेऊन यायचे आणि तुम्ही त्यांच्यावर चांदीचं पाणी चढवून द्यायचात. माझ्या चौथीच्या बक्षिसाचा कप काळा पडला होता. तो तुम्ही असा चकचकीत करून दिलात की वर्गातल्या मुली त्यात तोंड बघायच्या. त्या कपापायीच मी पुढे रसायनशास्त्र घेतलं असं मी कॉलेजात सांगायचे. आपल्या घरातली पहिली पदवी त्या विषयातली आहे, नाना.

मला तो उन्हाळ्यातला दिवस आठवतोय. मी गॅरेजमध्ये आले आहे, फळीवर तुपाचा जुना डबा आहे, झाकण सैल आहे आणि आत पांढरे खडे आहेत. खडीसाखर असेल असं वाटून मी हात घालते. तुम्ही ओरडत नाही. तुम्ही माझं मनगट इतक्या जोरात धरता की बांगडी फुटते. मला ओढत गॅरेजच्या कोपऱ्यातल्या मोरीत नेता आणि माझा हात नळाखाली धरून धूत राहता. मी रडते, आई विचारते, "अहो, काय झालं?" आणि तुम्ही नळ आणखी मोठा सोडता. त्या संध्याकाळी तुम्ही आईच्या पूजेच्या सामानातला लाल दोरा घेतलात आणि काही डब्यांच्या, बाटल्यांच्या गळ्यात बांधलात. मला जवळ बसवून म्हणालात, "लाल दोरा दिसला का हात मागं. इचारायचं पण नाय." चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत. तुम्हाला वाचता येत होतं, पण ॲसिडच्या वाफेत चिठ्ठी टिकत नाही, दोरा टिकतो, असं तुमचं म्हणणं होतं.

आता मी ते गॅरेज रिकामं करायला काढलं. आपल्या गल्लीत दहावी-बारावीच्या मुलींना बसून वाचायला जागा नाही. एका खोलीत टीव्ही, पाहुणे, लहान भावंडं. मला तिथे त्यांच्यासाठी अभ्यासिका करायची आहे, फुकट. मी मुलींना सांगूनही टाकलंय. भंगारवाला लोखंड घेऊन गेला, जुने टायर गेले, रद्दी गेली. मग मी फळीकडे वळले आणि माझा हात आपोआप मागे आला. सगळ्याच गळ्यांत लाल दोरा होता, नाना. ॲसिडच्या बाटलीला, तेलाच्या कॅनला, रंगाच्या डब्याला, अगदी पान्यांना आणि पक्कडीलासुद्धा. एकावर एक दोरे, काही विटून गुलाबी झालेले, काही कुजून गळलेले.

"मीच बांधले की," आई म्हणाली. "दर खंडेनवमीला पूजा करते मी तुझ्या नानांच्या हत्यारांची. दोरा, हळदकुंकू, झेंडूचं फूल. एकाला बांधायचा आन् एकाला नाय, असं कसं चालंल?"

मी तिला तुमच्या दोऱ्याचा अर्थ सांगितला. तिला तो माहीतच नव्हता. तुम्ही तो फक्त मला सांगितला होता. ती हसली आणि म्हणाली, "इतकी वर्षं कुंकू लावलंय मी त्यांना. मला काय करतील ती?"

मी हातमोजे आणायला दुकानात गेले. परत आले तेव्हा आई मोरीत होती. तिने सकाळी तिथे ब्लिचिंग पावडर टाकून ठेवली होती आणि मला मदत म्हणून फळीवरची एक बाटली त्यावर ओतली होती. मोरी फसफसत होती. पिवळसर धूर तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता आणि ती पदर तोंडाला लावून खोकत तशीच उभी होती, कारण तिला वाटत होतं पाणी टाकलं की थांबेल. मी श्वास रोखला आणि तिला पदराला धरून बाहेर अंगणात ओढलं. शेजारच्या वहिनींनी रिक्षा थांबवली. दवाखान्यात तिला वाफ दिली, ऑक्सिजन लावला. "थोडक्यात निभावलं," डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टरांना जे माहीत नाही ते मला दिसलं होतं. मोरीच्या कठड्यावर तो तुपाचा डबा होता, झाकण अर्धं उघडलेलं. बाटलीनंतर त्याची पाळी होती. चांदीचं पाणी चढवायला सायनाइड लागतं; त्या पांढऱ्या खड्यांवर बाटलीतलं ॲसिड पडलं तर कोणता वायू सुटतो ते मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, त्याला पूर्ण मार्क मिळालेत. शटरपर्यंतसुद्धा आम्ही पोचलो नसतो.

तुमच्याबरोबर टाक्यांवर काम करणाऱ्या काकांना मी फोन केला. ते म्हणाले, "पोरी, तुझा बाप कुठं काय ठेवायचा ते त्यालाच ठाऊक. आम्ही विचारलं तर म्हणायचा, हाय माझ्या डोक्यात." कॉलेजच्या सरांनी कशालाही हात लावू नको असं बजावलंय आणि असला घातक माल नेणाऱ्या लोकांशी बोलून ठेवलंय. त्यांची गाडी येईल. तोवर हे कुलूप. मुली विचारतात, "ताई, कधी सुरू?" मी म्हणते, रंग द्यायचा राहिलाय. गाडी सगळं घेऊन गेली तरी त्या फरशीत, त्या भिंतीत काय मुरलं असेल आणि त्यावर मी कुणाच्या मुलींना बसवणार, हे मला कळत नाही.

दुपारी आई खाटेवर बसून म्हणाली, "एवढी घाबरतेस काय गं? तुझ्या नानांनी जन्मभर हाताळलं ते. त्यांना कुठं काय झालं?" आम्हाला दोघींना तुमचा शेवटच्या वर्षाचा खोकला ऐकू येत होता. मी उठून चहा ठेवला. ती अजूनही मधूनमधून खोकते, आणि ती खोकली की मी हातातलं काम टाकून तिच्या ओठांचा रंग बघते.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवायचं मी ठरवलं होतं. पण आईने तो घरात लावलेला नाही. "त्यांचा जीव तिथंच रमायचा," म्हणत तिने तो गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. किल्ली माझ्याकडेच आहे, नाना, पण आत यायची माझी हिंमत होत नाही.