डावीकडच्या जागेचं वाण

॥ श्री ॥

वडवणी, ता. ३ जून १९९९

राजमान्य राजश्री वैजनाथअप्पा यांस वडवणीहून सोमलिंगचा शरणार्थ. विहीणबाईंनाही आमच्या सौ. उमाबाईचा शरणार्थ सांगावा. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. (हा शब्द मी पत्रात नेहमी सवयीनं लिहीत आलो. या खेपेला आधी हातपाय चाचपले आणि मगच लिहिला.) आपला गुडघा आता कसा आहे? शर्यतीच्या आदल्या दिवशी तो अचानक धरला आणि शर्यत संपली त्या संध्याकाळी सुटला, हे ऐकून समाधान वाटलं. वेळ पाहून वागणारा असा अवयव नशिबानंच मिळतो. आमचं पोट मात्र अजून जागेवर आलेलं नाही. फोनच केला असता, पण आमच्याकडचं एस.टी.डी. बूथ बंकटच्या पानटपरीला चिकटलेलं आहे. मी काचेच्या आत बोललो की बाहेर चार माणसं पान चघळत मान डोलावतात, आणि हा विषय मान डोलावण्यासारखा नाही. म्हणून पत्र.

कालच आमच्या रुद्राणीचा फोन आला होता. आपण ती गाडी विकायची ठरवलीत, सोमवारी नगरचा हॉटेलवाला येऊन ती घेऊन जाणार, हॉटेलच्या दारात चौथऱ्यावर चढवणार आणि तिच्यात फुलांच्या कुंड्या ठेवणार, असं ती म्हणाली. फार उत्तम केलंत. ती गाडी कुंड्यांसाठीच आहे. आपण घरातले वडील, आपल्या निर्णयाला माझ्या पाठिंब्याची गरज नाही, पण त्या गाडीत बसून परत आलेला माणूस या नात्यानं मी चार शब्द लिहिले तर आपलं मन आणखी घट्ट होईल. संगमेश्वररावांचं मन दुखवलं असं वाटून आपण ऐनवेळी पाघळू नये, एवढाच माझा हेतू. (मुलगा आपला, जावई माझा. तेव्हा जे काही झालं त्याचा दोष निम्मा निम्मा.)

मुळात ती आपल्या वडिलांनी हैद्राबादेहून आणलेली दोन माणसांची विलायती गाडी, सरकीच्या गोदामात कडब्याखाली कित्येक वर्षं पडून होती तोवर कुणाचं काहीच बिघडलेलं नव्हतं. कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या आणि विहीणबाई ती काढून आणत होत्या. अशी ती गाडी घराच्या उपयोगाची होती. सोयरीक ठरवताना मी आपली जमीन पाहिली, दुकान पाहिलं, गोदामसुद्धा पाहिलं, पण कडबा उचलून पाहिला नाही. ही माझीच चूक. लग्न झालं आणि संगमेश्वररावांनी ती गाडी बाहेर काढली, खोलली, जोडली, लाल रंगवली. मग नगरच्या जुन्या मोटारींच्या क्लबाची मंडळी शनिवार-रविवार आपल्या कड्याला येणार, कारखान्याचा गळीत हंगाम संपल्यामुळे रिकाम्या पडलेल्या रस्त्यावर शर्यत लावणार, असं ठरलं. यात मी कुठे येतो, असं कुणीही विचारील. मीही तेच विचारत होतो.

माझा स्वभाव आपण जाणताच. मी यष्टीत ड्रायव्हरच्या मागची जागा कधी घेत नाही, कारण तिथून रस्ता दिसतो. शिवरात्रीच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या सावलीतूनसुद्धा मी जात नाही. असा मी, आणि नेमका आला धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताटभर अनारशांचं वाण द्यायचं आणि वर जावई मागेल ते द्यायचं. हा महिना तीन वर्षांनी एकदा येतो म्हणूनच सासरे लोक तग धरून आहेत. आमच्या गल्लीत यंदा एका जावयानं रंगीत टीव्ही मागितला, दुसऱ्यानं स्कूटर मागितली. (पूर्वी धोतरजोडी आणि तांब्याच्या दिव्यावर निभायचं. आता बाजारात वस्तू फार झाल्या आणि सगळ्या जावयांना पाठ आहेत.) मी मनाची तयारी करून बसलो होतो. संगमेश्वररावांनी पाचवा धोंडा संपवला, पाणी प्याले, आणि मान खाली घालून म्हणाले, "मामा, मला वस्तू काई नको. रविवारच्याला गाडीत माज्या डाव्या अंगाला बसा."

मला आधी वाटलं, देवदर्शनाला नेतायत. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गाडीत दुसरा माणूस बसलाच पाहिजे असा क्लबाचा नियम आहे. गाडी अंगानं इतकी हलकी की डाव्या वळणावर तिचं डावं चाक दाबून धरायला भरदार माणूस लागतो, नाहीतर ते उचललं जातं. आपल्याला विचारलं होतं, पण आपण सडपातळ, आणि गुडघ्याची लक्षणं आपल्याला आधीच जाणवू लागली होती. मी घाम पुसत होतो, नाही म्हणायला तोंड उघडत होतो, तेवढ्यात रुद्राणी वरणावर तूप वाढता वाढता सहज म्हणाली, "न्हाई तर मी बसते की. भ्या कशाचं?" तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच बजावलं, "जावयानं मागितलंय. धोंड्याचा महिना हाय. तोंड कावून वाकडं करता?"

अप्पा, आपल्यापासून काय लपवायचं. त्या ताटावर माझ्या लक्षात आलं की मला एक भीती नसून दोन आहेत. एक माझ्या जिवाची, ती जुनी आहे, तिची सवय आहे. दुसरी अशी की, एकुलती एक लेक आपण कुणाच्या हाती दिली? वाऱ्याशी स्पर्धा करणाऱ्या माणसाला तिची काळजी राहील का? लग्नाला दीड वर्ष झालं, जावई कधी उणा शब्द बोलले नाहीत, पण बोलतातही थोडंच. आणि थोडं बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे हे कसं कळावं? ही दुसरी भीती मोठी होती. म्हणून मी म्हणालो, बसतो. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि उरलेला धोंडा तसाच ताटात राहिला.

रविवारी सकाळी उसाच्या वजनकाट्यावर गाड्या तोलल्या. आमची गाडी चढवली तेव्हा काट्यावरच्या धुळाजीनं दोनदा डोळे चोळले. "ह्येच्यापेक्षा एका बैलगाडीतला ऊस जड असतोय," असं तो म्हणाला. मग मला आत बसवून पुन्हा तोललं तेव्हा म्हणाला, "आता कायतरी हाय म्हनायला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. (माझ्या आयुष्यात मला टाळ्या मिळाल्या त्या एवढ्याच.) गाडी फिरवायची होती तेव्हा चौघांनी ती नुसती उचलून फिरवली. उचलून फिरवता येते अशा वस्तूत बसून कुणी धावतं का? आत बसलं की पाय सरळ पुढे जातात आणि रस्ता बुडाखाली वीतभर उरतो. छप्पर नाही, पट्टा नाही, दार आहे पण ते देव्हाऱ्याच्या दाराएवढं. डोक्यावर कुणाचंच हेल्मेट बसेना म्हणून उपरणं गच्च बांधलं. एका गोष्टीबद्दल मात्र विलायतेतल्या कारागिरांना मानलं पाहिजे. पाहुण्याला घाबरल्यावर धरायला काहीतरी लागणार हे ओळखून त्यांनी दोन सीटांच्या मधोमध एक लोखंडी दांडा बसवलेला होता. ओढला की करकर वाजून तो आणखी पक्का व्हायचा. डाव्या मुठीत गळ्यातलं लिंग आणि उजव्या मुठीत तो दांडा, असा मी सज्ज झालो. उमाबाई लांबून हात हलवत होती. तिच्या चेहऱ्यावरून मी परत येणार असा तिचा समज दिसत होता.

झेंडा पडला आणि पुढचं मी बरंचसं कानांनी पाहिलं, कारण डोळे मिटलेले होते. इंजिन असं ओरडलं की षडाक्षरी मंत्रातली दोन अक्षरं मी विसरलो आणि उरलेल्या चारांवरच भागवलं. वारा तोंडात शिरून बाहेर यायचं नाव घेईना. एकदा डोळे किलकिले केले तर समोर कॅनॉलचं वळण, आणि डाव्या हाताला कॅनॉल. पाणी नव्हतं. (म्हणजे बुडण्याची भीती नव्हती, आपटण्याचीच होती.) गाडी वळली, तसा मी सगळाच्या सगळा दारावर कलंडलो आणि दांडा आणखी ओढला. मनात एकच विचार होता, की या जागी रुद्राणी असती तर. त्या विचारानं तर मी दोन्ही पायांनी फळी दाबली. एकेक करून सगळ्या गाड्या आमच्या शेजारून पुढे गेल्या. क्लबातल्या एका डॉक्टरांची काळी गाडी गेली, एक रिटायर मेजर हसत हात करून गेले. संगमेश्वरराव गियर खाली घेत होते, वर घेत होते, "आज वढंना कावून," असं स्वतःशीच म्हणत होते. मागून काहीतरी जळाल्याचा वास येत होता. मला वाटलं, माझाच असावा.

शेवटच्या फेरीत कडूबाईच्या शेळ्या रस्त्यात आल्या. ती बाई रोज त्याच वेळी त्या तिथून नेते, क्लबानं तिला काही विचारलेलं नव्हतं. संगमेश्वररावांनी ब्रेक दाबला, गाडी आडवी होऊ लागली, मी पुढच्या काचेवर जाऊन आदळणार हे मला स्वच्छ दिसलं. आणि त्याच वेळी आपल्या चिरंजिवांनी काय केलं ते ऐका. स्टेअरिंगवरचा डावा हात काढला आणि माझ्या छातीवर आडवा धरला! एका हातानं सरकणारी गाडी आवरतायत आणि दुसऱ्यानं सासरा. अशी गाडी चालवतात का? शेळ्या गेल्या, धूळ बसली, तरी तो हात काही वेळ तिथेच होता. आपण वडील या नात्यानं त्यांना सांगावं, की गाडी चालवताना दोन्ही हात स्टेअरिंगवर असावेत.

आमचा नंबर शेवटचा आला. लोक खो खो हसत गोळा झाले, गाडी नुसती रंगाची आहे म्हणाले, कुणी मला उतरवायला हात पुढे केला. मला उतरता येईना, कारण मूठ दांड्यावरून सुटत नव्हती. संगमेश्वररावांनी माझी बोटं एकेक करून मोकळी केली, दांडा हळूच खाली दाबला, आणि गर्दीकडे तोंड करून म्हणाले, "मामांनी साथ दिली. इंजिनानंच दम सोडला." मग कड्याच्या बाजारात दोन दिवस त्याच गोष्टीवर हसणं चाललं, आपल्याला दुकानात बसवेना, आणि आपण हॉटेलवाला शोधलात. रुद्राणी सांगत होती, "ते जेवतेत, पर बोलत न्हाईत. गाडीवर कापड टाकून ठिवलंय." असो. तरुण मन आहे, कुंड्या लागल्या की विसरेल. गाडी विकावी हेच बरं. लहानथोरांना आशीर्वाद.

आपला,
सोमलिंग

ता. क. आंबे पाठवतो आहे. चार कच्चे आहेत, ते गवतात ठेवावेत.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते आंब्याच्या पाटीत ठेवायच्या आधी फाडलं. आज दुपारी आमचे गिऱ्हाईक मोहनराव त्यांची नवी मारुती व्हॅन घेऊन दुकानातून पेंड न्यायला आले. आमच्या दारात उतार आहे. गाडी सरकू नये म्हणून त्यांनी सीटशेजारचा एक दांडा ओढला आणि करकर असा आवाज झाला. तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "हँडब्रेक हाय, सोमलिंगअप्पा. ह्यो वढला की चाकं जाम." मी तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसलो. अप्पा, ती अख्खी शर्यत मी मुठीत धरून होतो. इंजिनाला काही झालेलं नाही. ते उघडू नका. आणि आपल्या मुलाला हे शर्यत संपली त्याच क्षणी कळलं होतं. चारचौघांत माझी बोटं सोडवताना त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळं हसू स्वतःवर घेतलं, बापाचे बोल खाल्ले, गाडी विकायला कबूल झाला, आणि ना आपल्याला बोलला, ना माझ्या लेकीला. माझी दुसरी भीती गेली हो अप्पा. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून उपरण्यानं तोंड पुसल्यासारखं केलं.

ता. क. त्यांनी मला सांगितलं नाही, तेव्हा मला कळलं हे आपणही त्यांना सांगू नये. उमाबाईलाही कळू नये. हॉटेलवाल्याला मात्र आजच नाही म्हणून कळवा. कुंड्या हव्या असतील तर मी माझ्या खर्चानं पाठवतो, त्या जमिनीवर ठेवा. धोंड्याचा महिना अजून संपलेला नाही, त्यात सासऱ्यानं काही मागितलं तर व्याह्यानं द्यावं असा रिवाज नाही, पण तो आपण दोघांनी पाडू. दसऱ्याला क्लब पुन्हा येणार आहे म्हणतात. पहिली भीती होती तेवढीच आहे. तरी डावीकडची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसेन. वजन तर आहेच.