चिलटं आणि पाऊस सोडून

रेगेन्सबर्ग,
१४ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस हरीशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही पुण्याला सुखरूप पोचलात हे कळलं. फोनवर आपण हवापाण्यापलीकडे जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

व्हिसाचं माझ्या मनाला अजून लागून राहिलंय. तंबू-सामान घेऊन बापलेकांनी सायकलवर अख्खं ब्रिटन दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत पार करायचं, ही कल्पना मूळ तुमची. वर्षभर सिंहगडाच्या घाटात सराव केलात तो तुम्ही. मी मात्र इथला नागरिक झाल्यापासून पासपोर्ट खिशात टाकतो आणि निघतो. फेरी बोट, कॅम्पसाइट, सगळं दोघांचं बुक केलं, आणि जर्मनीच्या व्हिसावर तुम्हाला ब्रिटनमध्ये शिरता येणार नाही हे निघायच्या आठवड्यात लक्षात आलं. कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो मी. तुम्ही म्हणालात, तू जाऊन ये. आणि मी गेलो, ह्याची जास्त लाज वाटते.

तसं तुमचं फार काही हुकलं नाही. पाऊस सारखा. स्कॉटलंडमध्ये चिलटांनी तोंड फोडून काढलं. डब्यातले बीन्स खाऊन कंटाळलो, गुडघा धरला, तंबू गळला. तुमचे उगाच हाल झाले असते.

अन्वी आजोबांची आठवण काढते, अर्थात जर्मनमध्येच. तनयाचा नमस्कार. रागवायचं तेवढं रागवा, लोभ मात्र कमी करू नका.

आपला,
हरीश

पुणे,
२ ऑक्टोबर २०२५

चि. हरीश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षर पार बिघडलंय तुझं. दोन ओळी तर शेजारच्या प्रणवकडून वाचून घेतल्या.

व्हिसाचं म्हणशील तर मला वाईट वाटलं. नाही वाटलं असं खोटं लिहिणार नाही. तुला स्टेशनवर सोडून आल्यावर तनयाने पोहे केले होते, ते केवळ तिच्या समाधानासाठी खाल्ले. पण चूक कोणाची होत नाही? मग अन्वीला घेऊन मी तुमच्या इमारतीमागच्या हिरवळीवर माझा तंबू ठोकला. इमारतीची देखभाल करणारा तुमचा तो हाउसमाइस्टर तणतणत आला. पोरीने त्याला जर्मनमध्ये काय सुनावलं देव जाणे, संध्याकाळपर्यंत राहू द्या म्हणाला. तेव्हा माझी काळजी पुरे.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तू परत आलास तेव्हा दार मी उघडलं. रापलेला, निम्मा झालेला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की तुझ्या लग्नातसुद्धा मी पाहिला नव्हता. मला बघितलंस आणि तो पुसून टाकलास. तेव्हापासून माझ्यापुढे चिलटं आणि पाऊस. तनयाला फोटो दाखवायचे तर स्वयंपाकघरात जाऊन. मला वाईट वाटू नये म्हणून करतोस, हे का मला कळत नाही? पण एकदा तुझ्या विसरण्याने माझी सफर गेली, आता तुझ्या संकोचापायी दुसऱ्यांदा चालली आहे. रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये सगळे विचारतात, मुलाने काय काय पाहिलं. मी काय सांगू, बीन्स?

सत्तरी आली माझी. पुन्हा जमेल, न जमेल. तू पाहिलंस तेवढंच आता माझ्या वाट्याचं. ते तरी हात राखून देऊ नकोस.

तनयाला व अन्वीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो दर पत्रात मागायला नको.

बाबा

रेगेन्सबर्ग,
१९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र तनयाने वाचलं आणि माझ्यापुढे कोरे कागद आणून ठेवले.

कॉर्नवॉलमधल्या पहिल्याच चढाला मी उतरून सायकल ढकलली. एक आजीबाई टोपलीत कुत्रं घेऊन बॅटरीच्या सायकलवरून मला मागे टाकून गेल्या आणि माझी कीव येऊन वर थांबल्या. तुम्ही असतात तर महिनाभर मला चिडवलं असतंत. वर पोचलो तर दोन्ही हातांना समुद्र. मी एकटाच मोठ्याने हसलो. आजीबाईही हसल्या, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं.

पाऊस होता, पण तंबूवर तो वाजायला लागला की मला अशी झोप लागायची, जशी लहानपणानंतर लागली नव्हती. स्कॉटलंडमध्ये एका तळ्याकाठी मुक्काम होता. जेवण झालं, भांडी घासून झाली, तरी उजेड जाईना. मी काठावर नुसता बसून राहिलो. ऑफिस, हप्ते, काही म्हणता काही आठवलं नाही. खरं सांगायचं तर तुम्हीही आठवला नाहीत.

शेवटच्या दिवशी वारा पाठीवर होता आणि रस्ता उताराचा. समोर टोक दिसायला लागल्यावर मी पेडल मारायचं सोडून दिलं, संपू नये म्हणून. तिथून तुम्हाला फोन केला आणि पोचलो, दमलो, एवढंच बोललो. पुढचं सांगितलं नाही, कारण माझ्या शेजारी तुम्ही असायला हवे होतात.

मजा आली, बाबा. आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती. तुम्ही नव्हतात, तरी आली.

न मागता मिळणाऱ्या लोभाचा धनी,
हरीश