तिसऱ्या ड्रममधला सातू

जुना माल्टखाना, प्रोस्त्येयोव्ह
१९ एप्रिल १९२७

प्रिय ओता,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि नव्या माल्टखान्याचा नकाशा ईस्टरच्या आदल्या दिवशी पोचले. इथे सगळे बरे आहोत. थंडीभर बाबांचे गुडघे दुखले, आता ऊन पडू लागलंय तसे ते अंगणात येऊन बसतात. तुझ्या वहिनीने, आपोलेनाने, तुझ्यासाठी खसखस भरलेले गोड पाव ठेवले होते. तू येत नाहीस असं कळल्यावर ते मीच संपवले.

नकाशा बाबांनी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर बिअरचे पेले ठेवले. दोन दिवस आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. प्रेरोव्हचं स्टेशन कुठे, सातू वॅगनमधून थेट भिजवायच्या हौदात कसा उतरणार, तिथून मोड यायला फिरत्या ड्रममध्ये कसा जाणार, शेवटी भट्टीत वाळून बिअरसाठीचा माल्ट कसा होणार, हे सगळं त्यांनी मला बोट ठेवून समजावलं. मला, जो चौदाव्या वर्षापासून या तळघरात सातूला मोड आणतोय. मी ऐकून घेतलं.

हौदांबद्दल विचारलं आहेस म्हणून सांगतो. तुझ्या शाळेत काय शिकवतात ठाऊक नाही, पण पहिलं पाणी सहा तासांनी काढ आणि सातूला मध्ये श्वास घेऊ दे. सतत पाण्यात ठेवलास तर दाणा गुदमरतो. आणि एप्रिलमध्ये पाया घालून ऑक्टोबरात पहिला माल काढायचा म्हणजे घाई आहे. हे मी चांगल्या मनाने लिहितोय. मला हेवा वाटतो असं समजू नकोस. आपोलेना मागून वाचतेय आणि म्हणतेय, "त्याने कुठे असं म्हटलंय? तुम्हीच लिहिताय."

सहकारी संस्थेच्या मंडळींनी लोखंडी ड्रम बसवायला तुझीच निवड केली हे बरंच झालं. हानाच्या मैदानातल्या इतक्या शेतकऱ्यांचा सातू एका माणसाच्या भरवशावर सोपवायचा म्हणजे तो शिकलेलाच हवा.

तुझा,
हिनेक


१२ ऑक्टोबर १९२७

प्रिय ओता,

आशीर्वाद. तिसऱ्या ड्रमबद्दल कळलं. फार वाईट वाटलं. सडला तो दहा टन, म्हणजे थोडाथोडका माल नाही. त्यातून पहिलाच, आणि बिअरवाल्यांची माणसं बघायला यायची होती. बाबा कालपासून जेवलेले नाहीत.

रविवारी उद्घाटनाला सगळं छान वाटलं होतं. मी हात घालून बघितला होता, तुला आठवत असेल. रात्रपाळीच्या माणसाने, त्या शिमोनने, हवेची झडप बंद ठेवली आणि दाणा आतून तापला असं तू लिहितोस. तसंच झालं असणार. अशा माणसांना यंत्राची किंमत नसते. त्याला काढलंस ते योग्य केलंस.

इथे आमचा फरशीवर पसरलेला सातू नेहमीसारखा चाललाय. यंदा दाणा भरदार आहे.

हिनेक


४ डिसेंबर १९२७

प्रिय ओता,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. या पत्रापुरता आशीर्वाद राहू दे.

प्रकृती सगळ्यांची ठीक आहे. बर्फ लवकर पडलं. आपोलेनाने कोबी आंबत घातलाय, घरभर त्याचा वास आहे. शिमोन वाचुल्का कालपर्यंत पाच आठवडे माझ्याकडे कामाला होता. हे तुला आधीच कळवायला हवं होतं.

तो ऑक्टोबरच्या अखेरीला आला. प्रेरोव्हात त्याला कोणी उभं करेना. दहा टन माल सडवणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. टोपी हातात धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, तुम्ही साहेबांचे थोरले भाऊ. तुम्ही मला घ्यावं असं मी म्हणणार नाही. फक्त एवढं ऐका, झडपेचा दांडा उघडाच होता. मी दर तासाला बघत होतो. तिन्ही मुलींची शपथ."

मी म्हटलं, "शपथा नकोत. फावडं धरता येतं का?"

येत होतं. त्याने तरुणपणी अशाच एका तळघरात काम केलंय. लाकडी फावड्याने तो सातू इतका हलका उलथतो, की एक कोंब मोडत नाही. दुपारी आम्ही हौदाच्या कडेला बसून पाव आणि ते वासाचं चीज खायचो. मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोने आपोलेनासाठी विणलेले मोजे पाठवले. तो म्हणाला, "साऱ्या गावाने थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, मालक. तुम्ही एकट्याने माणसासारखं वागवलंत." ओता, मी हातातला पाव तसाच खाली ठेवला.

आता रविवारचं सांगतो, उद्घाटनाचं.

पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं, मंडळींची भाषणं झाली, आणि तू आम्हाला ड्रमच्या दालनात घेऊन गेलास. पांढऱ्या भिंती, ओली फरशी, आणि तीन ड्रम, एकेक आपल्या घराएवढा. कुणाच्या पाठीला वाक नाही, कुणाच्या हातात फावडं नाही. बाबांनी टोपी काढली. मी त्यांना फक्त चर्चमध्ये आणि आईच्या दफनाच्या वेळी टोपी काढताना बघितलंय. आमच्या तळघरात त्यांनी ती कधीच काढली नाही. मी सत्तावीस वर्षं तिथे राबलो, त्यांनी एकदाही "बरं जमलंय" म्हटलं नाही. उलथलेल्या सातूकडे बघायचे आणि पुढे जायचे. ते गेले म्हणजे जमलं असं मी समजायचो.

तू दोन पावलं पुढे होतास. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आपण नुसती फरशी झिजवली, हिनेक. त्याला शाळेत पाठवलं हे मी आयुष्यात एकच शहाणपणाचं केलं."

तेवढ्यात तू तिसऱ्या ड्रमचं झाकण उघडलंस आणि हसत म्हणालास, "दादा, हात घालून बघ. तू छान म्हटल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

आधी बाबांनी हात घातला, मान हलवली. मग मी घातला, कोपरापर्यंत. वरचा थर गार होता. पण बोटं खाली गेली तिथे ऊब होती. चांगल्या सातूला तिसऱ्या दिवशी ताज्या काकडीचा वास येतो. हाताबरोबर जो वास वर आला तो जास्त पिकलेल्या सफरचंदाचा होता. तुझ्या तापमापकावर पंधरा अंश होते, पण तो तू हवेच्या नळाजवळ बसवला आहेस. तो हवेचं तापमान सांगतो, दाण्याचं नाही. बाहेर पडताना मी नळाच्या तोंडाशी तळहात धरला. हवा येत नव्हती. आणि दांडा उघडा होता, ओता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. बाहेरचा दांडा उघडा आणि आतली झडप बंद. आतली खीळ निसटली असणार, दुसरं काही नाही.

म्हणजे शिमोन खरं बोलतोय, हे मला त्याने सांगण्याआधी माहीत होतं. तुझं पत्र आलं तेव्हा माहीत होतं. आणि मी काय लिहिलं ते तू वाचलं आहेस.

त्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं. "ओता, खाली तापतोय." तू नळ तपासला असतास, खीळ बसवली असतीस, माल वाचला असता. तू माझ्या तोंडाकडे बघत उभा होतास. मी हात काढला, रुमालाला पुसला आणि म्हटलं, "छान आहे." मग आपण जेवायला गेलो. बदक होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

दहा टन जावेत असं मला वाटत नव्हतं. थोडं बिघडावं असं वाटत होतं. बाबांनी पुन्हा टोपी घालावी एवढंच. हे लिहिताना किती क्षुल्लक दिसतं. तुझं पत्र आलं आणि बाबांनी ताट सरकवलं, तेव्हा पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. तेही तुला कळू दे.

काल सकाळी मी शिमोनला सांगितलं. आम्ही सातू पालटत होतो, तो एका टोकाला, मी दुसऱ्या. मी थांबलो आणि सगळं सांगितलं. त्याने हात थांबवला नाही. उरलेली रांग शेवटपर्यंत पालटली, फावडं भिंतीला टेकवलं, मग म्हणाला, "मला कामावर ठेवलंत ते म्हणूनच?"

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे मालक, माझ्या कामामुळे नाहीच." एवढंच बोलून त्याने कोट चढवला आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग बाबांना सांगायला वर गेलो. ते खिडकीशी बसले होते. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, काठी उचलतील. त्यांनी विचारलं, "केवढा तापला होता?"

"चोवीस असेल. खालच्या थरात."

"हाताला कळलं?"

"कळलं."

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "मी पण घातला होता. मला नाही कळलं." आणि थोड्या वेळाने, "माझ्यापेक्षा तुझा हात चांगला आहे. केव्हापासूनच आहे."

ओता, सत्तावीस वर्षं मी या एका वाक्याची वाट बघत होतो. ते मिळालं तेव्हा मला कुठे तोंड लपवावं कळेना. ते बोलून बाबांनी तोंड फिरवलं आणि मला खाली जायला सांगितलं. आज त्यांनी माझ्याशी शब्द काढलेला नाही. जेवले मात्र, आपोलेनाने भरवलं तेव्हा.

तुला जे करायचं ते असं. तिसऱ्या ड्रमचा नळ उघडून आतली झडप बघ. खीळ नसेल, किंवा तुटलेली असेल. तापमापक दाण्यात बसव, तिन्ही ड्रममध्ये. शिमोनला परत बोलावायला माणूस पाठवू नकोस, स्वतः जा. तो यायचा नाही म्हणेल, पुन्हा जा. त्याच्याइतका जपून दाणा हाताळणारा तुला पंचक्रोशीत मिळायचा नाही. हे मी अपराधामुळे लिहीत नाही, पाच आठवडे बघितलंय.

बुधवारी सकाळच्या गाडीने मी प्रेरोव्हला येतोय. संस्थेच्या मंडळींना जे सांगायचं ते मीच सांगेन, तुझ्या तोंडून नको. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. मी चालत माल्टखान्यात येईन आणि फाटकाशी थांबेन. आत घ्यायचं की नाही ते तुझ्याकडे. घेतलंस आणि पुन्हा कधी झाकण उघडून हात घालायला सांगितलंस, तर हाताला जे कळेल ते तोंडाने सांगेन.

आजवर प्रत्येक पत्राखाली "तुझा" लिहिलं, ऑक्टोबरातलं सोडून. तेव्हा तो शब्द लिहायला जमलं नव्हतं, आज लिहायचा हक्क नाही.

हिनेक