वेलिया टेकडीची माती आणि तिचा चढ यांच्याविषयी

मी, ओरेस्ते मात्तियाच्ची, वय त्रेपन्न, धंदा गवंडीकाम, राहणार गोर्दियानी वस्ती, रोम, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वहस्ते हे लिहून ठेवतो. धूळ छातीत गेली आहे, डोक्यात नाही.

१. दोन्ही खोल्या व बँकेतील शिल्लक पत्नी इदा हिला.

२. ओळंबा, थाप्या व सपाटी तपासायची पाणसळ मेहुणा दुइलियो याला. पाणसळ पुसून ठेवावी. तो पुसत नाही.

३. बरणीतील माती मुलगी लोरेता हिला. ही कोलोसियमशेजारची वेलिया टेकडी होय. फौजेच्या संचलनाला सरळ रस्ता हवा म्हणून १९३२ साली ती कापली. कापणाऱ्या टोळीचा मुकादम मी. आमचे घर तिच्यावरच होते.

वेलिया या नावाबद्दल दोन मते आहेत. एक, खालच्या दलदलीच्या ग्रीक शब्दावरून. दुसरे, कात्री नव्हती तेव्हा धनगर तिथे मेंढ्यांची लोकर हाताने उपटत, त्यावरून; लॅटिनमध्ये 'वेल्लेरे' म्हणजे उपटणे. शाळा मी तीनच वर्षे पाहिली, पण दोन्ही मते मुळातून वाचली आहेत. मी दुसरे मानतो. उपटताना अंग कसे थरथरते, ते मी त्या टेकडीत पाहिले.

दुइलियो म्हणतो, "दाजी, गाय गेली नि तुम्ही दावं जपताय!" जपावे. बरणीवरचे नाव लोरेताने दरवर्षी नव्याने लिहावे.

४. माझी आई एर्सिलिया दर रविवारी वस्तीवरून त्या रस्त्यावर जाई. चढ जिथे सुरू व्हायचा तिथून ती सपाटीवर वाकून, गुडघे उचलत चाले. लोक हसत.

"आई, इथं चढ नाही गं आता."

"तुला नसेल. मला दम लागतोय, दिसत नाही का मेल्या?"

सत्तावन्न पावलांवर थांबून ती हवेत कडी वाजवी. वारली तेव्हा लाजेपोटी मी तिची शवपेटी दुसऱ्या रस्त्याने नेली. ते चुकले.

गेल्या हिवाळ्यापासून मलाही तिथेच धाप लागते. पाणसळ लावून रस्ता तीनदा तपासला. सपाट आहे.

५. माझी शवपेटी त्याच रस्त्याने न्यावी. चढाच्या जागी पुढच्यांनी खांदे उंच धरावेत, मागच्यांनी जोर लावावा. सत्तावन्न पावलांवर थांबावे. आमचे दार तिथून नऊ मीटर वर आहे. दुइलियोचा हात लांब आहे, कडी त्याने वाजवावी. लगेच उघडले नाही तर निघू नये. आईला उठायला वेळ लागतो.

लिहिणार: ओरेस्ते मात्तियाच्ची
साक्षीदार: दुइलियो पेत्रेल्ला (वाचून हसला नाही), गास्पारे लुपी, शेजारी
रोम, ९ फेब्रुवारी १९५२