फाटकावर सांडलेली ओटी

ठाणे,
चैत्र वद्य दशमी, १९५४

प्रिय मंदा,

तुझं पत्र काल मिळालं. गिरणीच्या फाटकावरच्या जमादाराचा गैरसमज झाला, तो मला ओळखत नव्हता, तुझ्या प्रभाकररावांनी त्याला झापलं आणि माझं नाव चोरांच्या वहीतून खोडायला लावलं, असं तू लिहिलंस. वाचून मी इतकी भडकले की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही. सासूबाई विचारत होत्या, मंदाचं पत्र ना, मग चेहरा असा का? काय सांगणार त्यांना!

त्या शुक्रवारी तू फाटकापर्यंत आली नव्हतीस, तेव्हा सगळं माझ्याकडूनच ऐक. तुझं हळदीकुंकू फार छान झालं होतं, डाळीत कैरी मात्र जरा कमी होती. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. बाळकुमची सगुणा रोजच्यासारखी भाजीची टोपली घेऊन तुझ्या ओसरीशी आली. तिला सातवा महिना आहे आणि आई लहानपणीच गेली, हे कळल्याबरोबर तू तिला हात धरून आत आणलंस आणि गौरीसमोर पाटावर बसवलंस. सोफ्यावरच्या साहेबिणींनी एकमेकींकडे पाहिलं, तू मात्र पाहिलं नाहीस. माझी ओटी भरलीस तशीच तिची भरलीस. तेच भिजवलेले हरभरे, तसाच नारळ, तोच निळ्या काठाचा खण. गिरणीतून तुम्हाला मिळालेल्या तुकड्यातूनच तू दोन्ही खण कापलेस. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता.

आम्ही दोघी बरोबरच निघालो. फाटकाशी विश्राम जमादाराने मला सलाम ठोकला आणि तिला काठी आडवी घातली. पदरात काय आहे? ती म्हणाली, ओटी आहे. तो म्हणाला, दाखव. मी दहा पावलं पुढे, टांगेवाल्याशी बोलत होते. मागे वळले तेव्हा ती दोन्ही हातांनी पदर पोटाशी धरून उभी होती आणि एवढंच म्हणत होती, "वटी रस्त्यान नाय सोरत, दादा." मी धावले. पण तोवर त्याने काठीच्या टोकाने तिचा पदर उचकटला होता. हरभरे मातीत गेले. नारळ गडगडत गटाराशी थांबला. खणावर गिरणीचा शिक्का दिसला आणि त्याला घबाड सापडलं. चोरीचं कापड! गेल्या दिवाळीत गोदामातून गठ्ठे गेले ते ट्रकमधून गेले, मंदा, बायकांच्या पदरातून गेले नाहीत. पण ट्रक थांबवायला छाती लागते.

मी माझा खण काढून त्याच्या नाकासमोर धरला. तोच काठ, तोच शिक्का. म्हटलं, मीही चोर, लिही माझं नाव. तो हसला. "बाईसाहेब, तुम्ही साहेबांच्या पाहुण्या, तुम्ही जा." मग मी तिथेच त्याच्या बाकड्यावर बसले. त्याने नाव लिहीपर्यंत हलले नाही. सकाळची पाळी सुटली, शे-दोनशे माणसं बघत गेली, टांगेवाला कंटाळून निघून गेला. शाळेत मास्तरीण म्हणून मिरवणारी मी चोरांच्या वहीत, सगुणा गणू भोईर या नावाच्या खाली. त्या वहीतल्या सहीइतकी नीट सही मी लग्नाच्या कागदावरही केली नसेल.

आणि मग तुझ्या घरी शिपाई विचारायला आला. तू सांगितलंस, उत्तराला खण मी दिला, बाकीच्यांचं आठवत नाही. मला हे तुझ्या पत्रातून नाही कळलं. सगुणाकडून कळलं. काल मी बाळकुमला तिच्या घरी गेले होते. तुझं तेच उत्तर ऐकवून फाटकावर तिच्या नावाची मनाई लावली आहे, ती आता भाजी घेऊन थेट ठाण्याच्या बाजारात चालत येते, त्या अवस्थेत. पण तिला त्याचं एवढं वाटत नाही. तिच्या मनाने घेतलंय की भरलेली ओटी सांडली, आता पोराचं धड होणार नाही. मी तिला पुष्कळ समजावलं, म्हटलं मी भरते तुझी ओटी. तर म्हणाली, "ज्या हातान भरली त्या हातालाच आठवत नाय, बाय."

कल्याणला वैद्यांच्या बागेत आपण कैऱ्या चोरल्या होत्या, ते तुला आठवतं ना? की तेही आठवत नाही? राखणदाराने माझी वेणी धरली, कारण कैऱ्या माझ्या परकराच्या ओच्यात होत्या. तू तर झाडावर होतीस, कोणाला दिसतही नव्हतीस. तरी सरसर खाली उतरलीस आणि म्हणालीस, तोडल्या मी, हिने नुसत्या धरल्या. नऊ वर्षांची होतीस. तेव्हा आपण खरोखरच चोर होतो, आणि तू खरं बोललीस. मग आता कोणाला घाबरतेस? प्रभाकररावांना? त्यांच्या बढतीला? की त्या साहेबिणींच्या नजरांना? मला खरंच कळत नाही, आणि वाईट वाटतं ते याचंच.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही, भांडून झालं असलं तरी. अक्षय तृतीयेपर्यंत चैत्रातलं हळदीकुंकू करता येतं. त्या दिवशी सकाळची पाळी सुटते त्या वेळी मी सगुणाला घेऊन तुमच्या फाटकावर येणार आहे. तिला आत सोडणार नाहीत, म्हणून आम्ही बाहेरच, जिथे हरभरे सांडले तिथेच पाट मांडू. तू आतून ये. हळदीकुंकवाची कोयरी आण, नारळ आण, आणि खण त्याच तुकड्यातला आण, शिक्क्यासकट. जमादारासमोर, सगळ्या पाळीसमोर तिची ओटी भर. तोंडाने एक शब्द बोलू नकोस हवं तर. माझं नाव मात्र प्रभाकररावांना सांगून वहीत परत लिहायला लाव. तिचं खोडलं जाईल त्याच दिवशी माझं खोडायचं. तू आली नाहीस तरी आम्ही दोघी पाट मांडून बसणार आहोत, आणि तुझी जागा रिकामी ठेवणार आहोत. सगळ्यांना दिसेल अशी.

तुझीच, चोरांच्या वहीतली,
उत्तरा